उगाच डोळे फोडू नका

४ जानेवारी

न पाहिलेल्या माणसास नमस्कार.

आपल्या वाचनालयातल्या बाईंनी नवी टूम काढली आहे. एका वाचकाने दुसऱ्या अनोळखी वाचकाला पत्र लिहून पुस्तक सुचवायचं. नाव लिहायचं नाही, पत्ता द्यायचा नाही, पत्र बाईंच्या टेबलावरच्या डब्यात टाकायचं. असल्या टुमा पोट भरलेल्यांनाच सुचतात. पण जो पत्र लिहील त्याला एका कार्डावर दोन पुस्तकं मिळणार, म्हणून मी बसले लिहायला.

मी आजी आहे. माझ्या नातवंडांची, तुमची नव्हे. शाळा तिसरीपर्यंत, तीही मधूनमधून. बोट फिरवत, अक्षर लावत वाचते. शाई सांडते म्हणून नातीची जांभळी पेन्सिल घेतली आहे. अक्षराला हसू नका. तुम्हाला वाचता आलं की त्याचं काम झालं.

आता पुस्तक. टेकडीवरच्या बंगल्यात म्हातारा मरतो ते, हिरव्या पुठ्ठ्याचं. अक्षर ठसठशीत, वजन बेताचं, पडून वाचताना छातीवर ठेवलं तरी दम लागत नाही. मधली शंभरेक पानं मात्र सगळे नुसते चहा पितात आणि एकमेकांकडे संशयाने बघतात. ती गाळा. उगाच डोळे फोडू नका.

एक आजी

९ जानेवारी

आजीबाई, नमस्कार.

माझा धंदा कुलपांचा. अडकलेली कुलपं उघडतो, हरवलेल्या किल्ल्या करून देतो. सध्या मीच अडकलो आहे. लोकांची तिसऱ्या मजल्यावरची दारं खिडकीतून शिरून उघडली, काही झालं नाही, आणि घरातल्या घरात स्टुलावरून पडून पाय मोडला. प्लास्टर आहे. दिवसभर पलंगावर. सून वाचनालयातून पुस्तकं आणून देते, त्यावर जगतो.

मला फक्त खुनाची पुस्तकं लागतात. पुस्तक म्हणजे माझ्यासाठी कुलूपच. कान लावायचा, एकेक खटका हलवायचा, शेवटच्या पानावर खट्‌ करून उघडलं पाहिजे. त्यासाठीच तर सगळं.

तर ऐका, काय झालं आहे ते. तुम्ही सांगितलेलं हिरवं पुस्तक मी मागच्याच महिन्यात आणलं होतं. पहिलं पान उघडलं, तर त्यावर कोणा नतद्रष्टाने लिहिलेलं: "माळ्याने मारलं. उगाच डोळे फोडू नका." दुसरं आणलं, बोटीवरचं. त्यावर: "डॉक्टर खोटा आहे, तोच. उगाच डोळे फोडू नका." तिसऱ्यावर: "जुळी बहीण. उगाच डोळे फोडू नका." सगळं जांभळ्या पेन्सिलीने!

मी बाईंकडे लेखी तक्रार दिली आहे. तो माणूस सापडला की त्याचं कार्ड कायमचं रद्द होणार, असं बाईंनी सुनेला सांगितलं.

माझी शिफारस: शिंकणाऱ्या इन्स्पेक्टरची मालिका. समोरचा खोटं बोलला की त्याला शिंक येते. त्यातलं शेवटचं पुस्तक आत्ताच आलं आहे, एकच प्रत. यादीत माझ्या आधी कोणीतरी एक जण आहे. माझं हाड नीट जुळलेलं नाही, पायात सळई घालायची आहे, मार्चमध्ये ऑपरेशन. त्याच्या आत ते पुस्तक वाचून व्हावं आणि कोऱ्या मनाने वाचायला मिळावं, एवढी एकच इच्छा आहे.

कुलूपवाला

१४ जानेवारी

कुलूपवाले, नमस्कार.

आजपासून मी शाईने लिहिते आहे. त्याला काही कारण नाही. पेन्सिल हरवली. नात रडते आहे.

तुम्ही लिहिलेलं वाचून फार वाईट वाटलं. असली माणसं असतात बघा जगात. कोण असेल काय की. मी तर त्या वाचनालयात जाते, पुस्तक घेते, खाली मान घालून घरी येते, मला काही दिसत नाही, मोतीबिंदू आहे.

पण मला विचाराल तर त्या माणसाचा हेतू वाईट नसावा. लोकांना कामं असतात. भांडी पडलेली असतात, दळण आणायचं असतं. त्यात तीनशे पानं वाचून कळतं काय, तर माळी. तेच पहिल्या पानावर कळलं तर माणूस मोकळा होतो. आणि पेन्सिलच आहे, खोडता येते. कार्ड रद्द करण्याएवढं काय घडलं? कार्ड म्हणजे लहान गोष्ट नव्हे. एखाद्याची सून घरात दिवसभर टीव्ही लावून बसत असेल, तर त्या बिचाऱ्याने जायचं कुठे?

आणखी एक. शिंकणाऱ्या इन्स्पेक्टरच्या यादीत तुमच्या आधी मी आहे. जिल्द निळी आहे म्हणून नाव लावलं. आलं की वाचून देते. माझी काही घाई नाही, पण तुमच्या पायाची आहे.

आजी

२० जानेवारी

आजीबाई,

तुमचं पत्र वाचताना मला तीनदा शिंक आली. खोलीत धूळ असेल.

पलंगावर पडून दुसरं काम नाही, म्हणून मी तपास सुरू केला आहे. सुनेला पाठवून ती सगळी पुस्तकं परत आणवली. भिंग लावून बघितली. माझा निष्कर्ष असा: गुन्हेगार पुरुष आहे. वय पन्नास. डोक्याला टक्कल. अक्षर थरथरतं, म्हणजे पिणारा. बायको सोडून गेलेली असावी, आणि ती शहाणी असावी. शाळेतून मास्तरांनी कान धरून हाकललेला. स्वतःला फार हुशार समजतो, पण डोक्याने बेताचा. वेलांट्या सगळ्या उलट्या.

आपलं मत कळवावं.

कुलूपवाला

२५ जानेवारी

कुलूपवाले,

टक्कल कशावरून? त्याने पेन्सिलीने लिहिलं आहे का कंगव्याने?

अक्षर थरथरतं म्हणून माणूस पितो, हे कोणत्या शाळेत शिकवतात? सत्तरी उलटली की तुमचाही हात थरथरेल. आणि वेलांट्या उलट्या असल्या तरी "माळ्याने मारलं" हे तुम्हाला कळलं ना? कळलं म्हणूनच बोंब मारताय. म्हणजे अक्षर चांगलंच असलं पाहिजे.

मी त्याची बाजू घेत नाही. मला काय त्याचं. पण कुणावर असं तोंडसुख घ्यावं, आणि तेही पाय वर टांगलेला असताना, हे शोभत नाही.

बाईंनी आता वाचनालयात येणाऱ्या सगळ्यांच्या पिशव्यांमधून पेन्सिली तपासायला घेतल्या आहेत. काल एका सुताराच्या कानावरची काढून घेतली. तो फर्निचर मोजायला आला होता. हे सगळं तुमच्या तक्रारीमुळे.

पुस्तक सुचवायचं राहिलं. ते लाल रंगाचं प्रेमाचं घ्या. छान आहे. शेवटी ती त्याच्याशी लग्न करत नाही, पण त्याआधीचं बरं आहे.

जाऊ द्या. तुम्हाला एक सांगते. माझ्या ओळखीची एक बाई आहे. तिचा नवरा तुमच्यासारखाच, खुनाच्या पुस्तकांचा वेडा. आजारी पडला. छातीवर ते हिरवं पुस्तक, थोडीशीच पानं राहिलेली, आणि त्याच्या हातातलं त्राण गेलं. बायकोला म्हणाला, "पटकन शेवट बघ, कोणी मारलं ते सांग." आता पटकन कसं सांगणार? ती बोट फिरवून वाचणारी. शेवटचं पान काढलं, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. अक्षर लावायला घेतलं. "मा" म्हणाली. पुढचं लावेपर्यंत आमचे हे गेले. म्हणजे तिचे हे.

त्या पुस्तकात एक मामापण आहे. अगदी गरीब माणूस, कोणाला चिमटासुद्धा काढत नाही. म्हणजे तो निर्दोष मामा ह्यांच्या डोक्यात खुनी म्हणून वर गेला. त्यांनी वर जाऊन सगळ्यांना तेच सांगितलं असणार. ते कधी चूक मान्य करायचे नाहीत.

त्या दिवसापासून त्या बाईने ठरवलं, की आपण काय जन्मभर पटकन वाचणार नाही. पण दुसऱ्या कोणाची अशी पंचाईत नको.

हे उगाच आठवलं. त्या गुन्हेगाराशी त्याचा काही संबंध नाही.

आजी

१ फेब्रुवारी

आजीबाई,

या वेळी शिंक आली नाही. एकदासुद्धा नाही.

वाचनालयाच्या बाईंना मी कळवलं आहे, की मी तक्रार मागे घेतो, पेन्सिलीचे ते डाग होते, माझीच नजर कमजोर आहे. सुताराची पेन्सिल परत करायला सांगितली आहे. पन्नाशीचा टकल्या तपासातून सुटला. तो तसाही मला पहिल्या दिवसापासून पटत नव्हता. तुमचं पहिलंच पत्र जांभळ्या पेन्सिलीचं, आणि खाली "उगाच डोळे फोडू नका". आजीबाई, मी कुलूपवाला आहे. तुम्ही तर किल्ली दारालाच ठेवून गेला होता. टक्कल मी मुद्दाम घातलं. म्हटलं, बघू किती वेळ गप्प बसतात. पाच दिवस बसलात. मला दोनच वाटले होते.

आता तुमच्या त्या ओळखीच्या बाईंना माझा एक निरोप द्या. तिने केलं ते मायेने केलं, मान्य. पण आमच्यासारख्या माणसांना उघडं दार देऊन काय उपयोग? माझ्या आयुष्यात मजा आली ती फक्त कुलूप अडलेलं असताना. उघडलं की लोक "किती झाले?" विचारतात आणि आत जातात. तुमचे हेसुद्धा, विचार करा, मरतानाही त्यांना कंटाळा आला नव्हता. किती जणांना तसं जाता येतं?

ऑपरेशन अलीकडे आलं आहे. डॉक्टर याच महिन्यात करू म्हणतात. खरं सांगायचं तर भीती वाटते. सळईची नाही, गुंगीच्या औषधाची. झोपलो आणि उठलोच नाही तर? म्हणून ते निळं पुस्तक लवकर द्या. पहिलं पान कोरं ठेवा. हात जोडून सांगतो, आजीबाई. उभं राहता आलं असतं तर उभा राहून सांगितलं असतं.

कुलूपवाला

११ फेब्रुवारी

कुलूपवाले,

तुम्ही आधीपासून ओळखलं होतं आणि मला टकल्या, दारुड्या म्हणत राहिलात. तुमच्या सुनेबद्दल मला आता सहानुभूती वाटते.

पुस्तक सोबत ठेवलं आहे. उशीर झाला. का झाला ते विचारू नका. पहिलं पान बघून घ्या. कोरं आहे. खोडरबरसुद्धा फिरवलेला नाही. उजेडात धरून बघितलंत तरी चालेल. बघालच, तुमचा स्वभाव कळला आहे मला.

मात्र शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत एक पाकीट चिकटवलं आहे. खळ लावून बंद केलं आहे. ते फोडायचं नाही. पुस्तक वाचून झालं तर जाळून टाका. पण वाचून व्हायच्या आत तुम्हाला त्या खोलीत नेलं, डॉक्टरने सुरी उचलली आणि तुमचा धीर सुटला, तर फोडा. आत जे लिहायचं ते मी लिहिलं आहे. पटकन वाचता येईल असं मोठ्या अक्षरात.

भीती वाटते म्हणून लिहिलंत. वाटणारच. सळई काय गोड लागते? पण त्या डॉक्टरांना रोज तेच काम आहे. तुम्ही कुलूप उघडताना घरमालक रडत बसला तर तुम्हाला आवडतं का? मग गप पडून राहा.

बाईंना पाकिटाची टूम आवडली. म्हणतात, खुनाच्या सगळ्याच पुस्तकांना मागे पाकीट लावू, ज्याला घाई असेल त्याने फोडावं. लिहायचं काम मला दिलं आहे. सुताराने पेन्सिल दिली. कार्ड शाबूत आहे.

आजी

२७ फेब्रुवारी

आजीबाई,

हे पत्र मी लिहितो आहे, म्हणजे मी उठलो. सळई बसली. पाऊस-थंडीत दुखेल म्हणतात. दुखू दे.

आता झालं कसं ते ऐका. पुस्तक मी जपून जपून वाचलं, आणि तिथेच चुकलो. रोज थोडं राखून ठेवत गेलो. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी शेवटचा भाग तसाच शिल्लक. इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलेलं, रुमाल काढलेला, आता शिंकणार, आणि वॉर्डबॉय गाडी घेऊन हजर! "पाच मिनिटं" म्हणालो. तो म्हणाला, "काका, डॉक्टर हात धुऊन उभे आहेत."

पुस्तक आत नेऊ देईनात. मी पाकीट तेवढं फाडून मुठीत घेतलं. आत टेबलावर घेतलं, दिवा लावला, गुंगीवाला डॉक्टर सुई घेऊन आला आणि म्हणाला, आकडे मोजा. माझा धीर सुटला, आजीबाई. सुटला तो सुटलाच. म्हटलं, आता काय व्हायचं ते होवो, निदान खुनी कळू दे. पाकीट फोडलं. जांभळी पेन्सिल, ही मोठी अक्षरं:

"मलाही माहीत नाही. तुमच्या त्या कुलपाच्या भाषणामुळे पहिल्या पानापासून वाचायला बसले, जन्मात पहिल्यांदा. बोट फिरवून किती होणार? शेवट राहिला आणि तुमचं ऑपरेशन जवळ आलं. शेवटचं पान बघणार होते, नाही बघितलं. आता तुम्ही ते वाचा आणि मला कळवा. उगाच डोळे मिटू नका."

मी असा हसलो की टेबल हललं. डॉक्टर एकमेकांना म्हणाले, "औषध अजून दिलं कुठे?" हसत हसतच झोपलो. उठलो तेव्हा नर्स म्हणाली, शुद्धीवर येताना मी "मेलो तर आजी सोडणार नाही" असं बडबडत होतो.

घरी आल्याबरोबर शेवटचा भाग वाचला. काय शेवट आहे! काय शिंक आहे! तुम्हाला सुचणार नाही, मला सुचलं नाही, वाटलं होतं तसं काहीच नाही. खट्‌ करून उघडलं.

पुस्तक परत गेलं. आता यादीत बरेच जण आहेत, तुमचा नंबर कधी लागेल कोण जाणे. त्यामुळे तुमची पंचाईत नको म्हणून मीच सांगून टाकतो. तर खुनी आहे तो मा

सून ताट घेऊन आली. गार झालं तर ओरडते. बाकी नंतर केव्हातरी.

कुलूपवाला

१ मार्च

कुलूपवाले,

नालायक माणसा.

मी डोकं लावून लावून थकले. मामा ह्या पुस्तकात नाहीच. माळी आहे, पण तो दुसऱ्या प्रकरणात परगावी जातो. मावशी आहे, ती अंथरुणाला खिळलेली. मास्तर आहे. मांजरसुद्धा आहे. काल नातीने विचारलं, आजी, तू मांजराकडे अशी का बघतेस?

वाचनालयात गेले. पुस्तक एका दंतवैद्याने नेलं आहे. त्याच्या दवाखान्यात गेले. तो म्हणाला, आधी तोंड उघडा. एक दाढ काढून घेतली आणि वर म्हणतो, मी अजून तिसऱ्याच प्रकरणात आहे.

बाई तुमचा पत्ता देत नाहीत, नियम म्हणतात. नको देऊ देत. तपास काय तुम्हालाच येतो? कुलपांचं दुकान, मालकाचा पाय मोडलेला, सून ताटासाठी ओरडणारी. भाजीवालीला विचारलं, तिने बोट दाखवलं. दोन गल्ल्या पलीकडे राहता. इतके दिवस आपण दोन गल्ल्यांसाठी शाई नासवली.

उद्या दुपारी येते आहे. चहा ठेवायला सांगा, साखर कमी. दार उघडं ठेवा. माझ्या हातात लाटणं असेल, त्याचा वेगळा अर्थ काढू नका. वेळ पडली तर काढा.

आणि एक लक्षात ठेवा. मी येऊन पोहोचेपर्यंत मरायचं नाही. पूर्ण नाव सांगून झालं, की मग तुमची मर्जी.

आजी